चितळ उभं राहायला वर्ष का लागतं : नागपुरात पहिल्यांदा पेंढा भरून घेणाऱ्यांसाठी

मे महिन्यात एक फोन हमखास येतो. पलीकडे बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातले नवे प्राध्यापक असतात, नाहीतर निसर्ग माहिती केंद्राचं काम नुकतंच अंगावर पडलेलं कुणीतरी. "मॅडम, चितळात पेंढा भरून घ्यायची परवानगी मिळाली आहे. जूनमध्ये वर्ग सुरू होतात, तोपर्यंत होऊन जाईल ना?"

मी आधी एवढंच विचारते : चितळ आत्ता कुठं आहे? डीप फ्रीझरमध्ये असेल तर पुढच्या वर्षीच्या जूनबद्दल बोलू. शेडमध्ये ताडपत्रीखाली असेल, तर बहुतेक वेळा बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हा लेख अशा फोन करणाऱ्यांसाठी आहे. वेळ नेमका कुठं जातो ते कळलं, तर जिथं घाई खरंच करायला हवी तिथं तुम्ही घाई कराल, आणि जिथं करू नये तिथं आम्हाला सोडाल. आजवरचा माझा अनुभव असा की लोक नेमकं उलट करतात. पहिले सहा तास निवांत घालवतात आणि नंतरचे सहा महिने रोज फोन करतात.

आधी कागद

दिवाणखान्यात लावायला हरणाचं डोकं हवं असेल, तर ते मिळणार नाही आणि मिळवायचा प्रयत्नही करू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे. चितळ, सांबर, भेकर, काळवीट, रोही हे आपल्याकडचे सगळे त्यात संरक्षित आहेत. कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो. रस्त्यावर गाडीखाली आलेलं चितळ, विहिरीत पडून मेलेलं चितळ, कुत्र्यांनी फाडलेलं चितळ, कुणाचंही नसलं तरी ते तुमचं होत नाही. जंगलात गळून पडलेलं शिंग उचलून आणलं तरी तेच. पेंढा भरण्याचा धंदा करायला कलम ४४ खाली परवाना लागतो. "ओळखीतला एक जण करून देतो" असं कुणी सांगितलं, तर त्या ओळखीपासून लांब राहा.

मेलेला प्राणी दिसला तर हात न लावता वनविभागाला कळवायचं. १९२६ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. पंचनामा होतो, पशुवैद्यक शवविच्छेदन करतात आणि बहुतेक मृतदेह जाळले जातात. शिक्षणासाठी किंवा संग्रहालयासाठी एखादा राखून ठेवायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. नागपूरकरांचं भाग्य असं की राज्याचं हे कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनातच आहे. अर्ज द्यायला मुंबईला जावं लागत नाही. तरी कागद फिरायला वेळ लागतो, म्हणून मी नव्या संस्थांना सांगते की प्राणी मरायची वाट पाहू नका. नमुना का हवा, कुठं ठेवणार, देखरेख कोण करणार, हे लिहून अर्ज आधीच देऊन ठेवा. प्राणी आल्यावर अर्ज लिहायला बसलात तर फ्रीझरचं बिल वाढतं आणि कातडं खराब होतं.

नमुना शहराबाहेर पाठवायचा असेल तर वाहतुकीचा परवाना वेगळा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्यजीव टॅक्सिडर्मीचं, म्हणजे याच पेंढा भरण्याच्या कामाचं, केंद्र आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाडांनी ते उभं केलं. त्यांनी केलेले वाघ-बिबटे पाहिलेत तर हे काम कुठवर जाऊ शकतं ते समजेल. पण नागपूर ते मुंबई आठशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. गोठवलेलं कातडं तिथवर वितळू न देता न्यायचं म्हणजे नीट आखणी लागते, आणि देशात हे काम जाणणारी माणसं इतकी थोडी आहेत की तुमच्या आधी कुणाचा तरी नंबर असतोच.

पहिले सहा तास

इथंच चितळ वाचतं किंवा जातं. प्राणी मेला की पोटातले जिवाणू थांबत नाहीत. ते कातड्यात शिरले की केसांची मुळं सैल होतात. त्याला आम्ही केस सुटणं म्हणतो. पोट, कान, ओठ आणि डोळ्यांभोवतीची कातडी, या क्रमानं बहुधा सुरुवात होते. वरून काहीच दिसत नाही. चिमटीत केस धरून हलकं ओढलं की झुबका हातात येतो आणि खाली हिरवट, ओलसर कातडी दिसते. एकदा सुटलेला केस कुठल्याही रसायनानं परत बसत नाही.

नागपूरचा उन्हाळा यात फार निर्दय आहे. नवतपा सुरू असताना सावलीतही पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. मेलेल्या जनावराचं पोट आतून तापलेलंच असतं, ते थंड व्हायचं नाव घेत नाही. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा सकाळपर्यंत थांबलं तर चालून जातं, मेमध्ये दुपार ओलांडली की संपलं. विहिरीत बुडालेल्या चितळाचं तर आणखी कठीण. पाण्यानं कातडं आधीच भिजलेलं असतं.

तेव्हा वनविभागाची माणसं आली की त्यांच्या संमतीनं हे करा. प्राणी सावलीत न्या, एका कुशीवर ठेवा, फरपटत नेऊ नका. फरपटलं की बरगडीवरचे केस घासून तुटतात आणि तिथं टक्कल कायमचं राहतं. बर्फ थेट अंगावर टाकू नका, वितळलेलं पाणी कातड्यात मुरतं. पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या मांड्यांच्या मधे, काखेत, मानेखाली लावा. नाका-तोंडातून न गोठणारं रक्त येत असेल आणि मृत्यू अचानक झाला असेल तर तो प्राणी उघडायचाच नाही. अँथ्रॅक्सची शंका असते, पशुवैद्यकांना कळवून लांब उभं राहायचं. एरवीही हातमोजे हवेतच. शरीर थंड होऊ लागलं की गोचिडं त्याला सोडून तुमच्याकडे निघतात.

शवविच्छेदन सुरू होण्याआधी डॉक्टरांशी दोन मिनिटं बोला. त्यांना मृत्यूचं कारण शोधायचं असतं, तुम्हाला कातडं हवं असतं, आणि दोन्ही जमतं. पोटाच्या मध्यरेषेवर एकच सरळ छेद, गळ्यावर आडवा काप नको, चेहऱ्याला सुरी नको. एवढं आधी सांगितलं तर पुढे माझे आठ-दहा तास वाचतात. मेंदूचा नमुना घ्यायचा असेल तर कातडं उतरल्यावर घेता येतो. आजवर मला एकाही पशुवैद्यकानं नाही म्हटलेलं नाही, फक्त आधी विचारावं लागतं.

माप आणि मुखवटा

सोलण्याआधी मापं घ्यायची. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत, दोन डोळ्यांमधलं अंतर, कानामागे, मध्यावर आणि खांद्यापाशी मानेचा घेर, छातीचा घेर, पुढच्या-मागच्या पायांची सांधा ते सांधा लांबी. फोटो चारी बाजूंनी, आणि डोळ्याचा, नाकपुडीचा, कानाच्या आतल्या केसांचा जवळून. चितळाच्या डोळ्यापुढे एक खोल चीर असते, तिथं ग्रंथी असते. तिचा फोटो नसेल तर वर्षभरानंतर मी ती अंदाजानं घडवते, आणि अंदाज दिसतो. चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा घेता आला तर उत्तमच.

ही मापं तासाभराचं काम आहे. ती न घेतलेला प्राणी आला तर कातडं ज्यावर चढवायचं त्या साच्यावर आठवडाभर चाचपडणं होतं.

सोलणं

धड सोलायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो डोक्याला. डोकं टांगायचं असेल तर छेद मानेच्या मागून घेतात, म्हणजे शिवण भिंतीकडे राहते. शिंगांच्या बुडाशी कातडी हाडाला घट्ट धरलेली असते, तिथं सुरी न वापरता पेचकसानं उचकटत जावं लागतं.

कान उलटा करणं हे नवशिक्यांनी एकदा तरी बघावं. कानाच्या मागची कातडी आणि आतलं कूर्चेचं पान यांच्यात बोट घालून, मोज्यासारखा कान आतून बाहेर काढत टोकापर्यंत जायचं. टोकाशी कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते. बोट एक सूत पुढे गेलं की भोक. मी पहिल्यांदा शिकले तेव्हा प्रयोगशाळेतल्या काकांनी मला चितळाला हात लावू दिला नव्हता. खाटकाकडून बोकडाची मुंडकी आणून वीस कान उलटवायला लावले होते. अजूनही मी नव्या मुलांना तेच सांगते. बोकडावर शिका, ते कायद्यातही बसतं आणि कातडं बऱ्यापैकी सारखं वागतं.

पापणीच्या कडेचे केस राहतील अशा बेतानं आतून कापायचं, ओठांची आतली बाजू दोन इंच सोबत ठेवायची, मग ओठ मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडायचा. नाकपुडीची कूर्चा कोरून काढायची. जिथं मांस राहील तिथं मीठ पोचणार नाही, आणि जिथं मीठ पोचणार नाही तिथं केस सुटतील.

शिंगांबद्दल एक. चितळ-सांबराचं शिंग म्हणजे भरीव हाड, ते दरवर्षी गळतं. काळवीट किंवा रोह्याचं शिंग म्हणजे हाडावरची टोपी, ती आयुष्यभर राहते आणि ती काढून आतलं हाड साफ केलं नाही तर वास सुटतो. चितळाच्या कळपात पक्की शिंगं असलेले आणि शिंगांवर मखमल, म्हणजे वाढत्या शिंगावरची मऊ केसाळ कातडी, असलेले नर एकाच वेळी दिसतात. तुमचा नर मखमलीत असेल तर आधीच सांगा. त्या मखमलीत रक्त वाहत असतं, ती टिकवायची म्हणजे वेगळं काम आणि जास्तीचा महिना.

मीठ

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी दिसतं. कातड्याचं तेच होतं. बारीक, बिनआयोडीनचं मीठ, कातड्याच्या वजनाइतकं, आतल्या बाजूनं प्रत्येक सुरकुतीत चोळायचं. जाडं मीठ नको, ते खाचांत पोचत नाही. कातडं तिरप्या फळीवर पसरायचं म्हणजे पाणी निथळतं. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं लावायचं. मग ते सावलीत वाळू द्यायचं, उन्हात नाही. उन्हात चरबी वितळून कातड्यात जळते आणि तो डाग पुढे काहीही लावलं तरी कमावला जात नाही. चार-पाच दिवसांत कातडं पापडासारखं ताठ होतं. इथवर आलात की जीव भांड्यात पडतो, आता ते थांबू शकतं.

तुमच्याकडे कातडं लगेच सोलणारं कुणी नसेल तर गोठवा. कान, नाक, ओठ ओल्या फडक्यात गुंडाळून, सगळं हवाबंद प्लास्टिकमध्ये. उघडं गोठवलं तर हीच टोकं सुकून लाकूड होतात.

कमावणं : सगळ्यात जास्त वेळ इथं जातो

मीठ लावलेलं कातडं टिकतं, पण ते कमावलेलं नसतं. पावसाळ्याची हवा लागली की मीठ ओलावा ओढतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. म्हणून कमावायचं.

आधी पाण्यात भिजवून मऊ करायचं. मग आम्लाच्या पाण्यात घालायचं. दर लिटरला साधारण १२० ग्रॅम मीठ आणि पीएच २ च्या खाली राहील इतकं सायट्रिक किंवा फॉर्मिक आम्ल. मीठ विसरलात तर आम्लानं कातडं फुगून जेलीसारखं होतं. कमीत कमी तीन दिवस, बहुधा आठवडा. आम्लात कातडं पांढरं, रबरासारखं होतं, आणि तेव्हाच ते तासता येतं.

तासणं म्हणजे आतून पातळ करणं. चितळाच्या मानेची कातडी जाड असते, नराची तर फारच. चेहऱ्याची कातडी इतकी पातळ करावी लागते की आतून केसांच्या मुळांचे निळसर ठिपके दिसू लागतात. दिसले की थांबायचं. अजून एक घास घेतला की मुळं कापली जातात आणि केस पुढच्या बाजूनं गळतात. डोळ्याच्या कडेला, ओठांना आणि नाकाला हे सुरीच्या टोकानं बोटावर धरून करावं लागतं. एका चेहऱ्याला मला अख्खा दिवस लागतो. तासून झालं की पुन्हा आम्लात, कारण आता नवी बाजू उघडी पडलेली असते.

माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक इथलीच. एका संस्थेला उद्घाटनाची तारीख गाठायची होती. पाहुणे ठरले होते, पत्रिका छापून झाल्या होत्या. मी ओठ आणि पापण्या पुरेशा न तासता पुढे गेले. उद्घाटनाला हरीण सुंदर दिसलं, पेपरात फोटो आला. दुसऱ्या उन्हाळ्यात जाड राहिलेली कातडी आकसली, वरचा ओठ वर चढला, पापणी काचेच्या डोळ्यावरून मागे सरकली. ते चितळ कुणीतरी घाबरवल्यासारखं दिसू लागलं. शाळेतली मुलं त्याच्यासमोर उभी राहून चितळ असंच असतं असं समजत असणार. मी ते दुरुस्त करून द्यायला तयार होते, तोवर त्यांनी कपाटामागे सरकवलं होतं. एका प्राण्याचं दुसऱ्यांदा वाया जाणं, असं मला ते वाटतं. तेव्हापासून मी तारीख स्वीकारत नाही.

आम्लातून निघालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं, म्हणजे आम्ल उतरतं. मग कमावण्याचं द्रव्य. चपलेच्या चामड्याला आपल्याकडे हिरडा, बाभळीची साल वापरत आले, पण केस ठेवायचे असतील तर त्यांचा रंग केसांना लागतो. चितळाचे पांढरे ठिपके पांढरेच राहायला हवेत. म्हणून तुरटी किंवा तयार पांढरं रसायन. त्यानंतर तेल, रात्रभर गुंडाळून ठेवणं, ताणणं, पुन्हा ओलावणं.

हात चालतो ते तास मोजले तर खांद्यापर्यंतच्या एका डोक्याला सगळं मिळून पंधरा-वीस तास होतात. लोकांना हे ऐकून आणखी राग येतो, की वीस तासांच्या कामाला वर्ष! पण मधले दिवस कातड्याचे असतात. भिजायला, फुगायला, उतरायला, मुरायला त्याला जेवढे लागतात तेवढे. शिवाय एका कातड्यासाठी आम्लाचं पिंप भरणं परवडत नाही, चार-पाच कातडी जमली की काम काढायचं. अमेरिकेत, जिथं हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथंही गिऱ्हाईक सहा महिने ते वर्षभर थांबतं. शरद ऋतूत दोन-तीन महिन्यांत सगळी हरणं एकदम येतात आणि कातडी कमावायला बहुधा बाहेरच्या कारखान्यात जातात, तिथं पुन्हा रांग.

आत पेंढा नसतो

आपण सगळे "पेंढा भरलेला" म्हणतो, मीही म्हणते. पूर्वी खरंच पेंढा, चिंध्या, भुसा ठासून भरत. म्हणून जुन्या संग्रहातले प्राणी गाठोड्यासारखे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत कार्ल एकलीनं ही पद्धत मोडली. त्यानं आधी प्राण्याचं शरीर मातीत शिल्पासारखं घडवलं, स्नायू, शिरा सगळं, त्यावरून साचा काढून पोकळ शरीर केलं, आणि मग त्यावर कातडं चढवलं. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्याची चार ऋतूंतली हरणं आहेत. त्या चार दृश्यांसाठी तो वर्षानुवर्षं खपला, झाडांची पानंसुद्धा मेणाची, हातानं केलेली. हरीण उभं करायला वेळ लागतो ही तक्रार म्हणजे या कलेइतकीच जुनी असावी.

आज फोमचे साचे मिळतात. चितळाचेही मिळतात, कारण टेक्सासमध्ये आणि हवाईत चितळ नेऊन सोडलेलं आहे आणि तिथं त्याची शिकार होते. पण परदेशातून मागवलेला साचा तुमच्या चितळाच्या मापाचा निघेलच असं नाही. तिकडचे साचे पोसलेल्या नराचे, आणि तुमच्याकडे आलेली बहुधा उन्हाळ्यात विहिरीत पडलेली मादी. मग मान तासा, छाती भरा, जबडा बारीक करा. मी बहुतेक वेळा शाडूत घडवते, प्लास्टर घेते आणि फायबर ओतते. पूर्ण उभं चितळ असेल तर आत लोखंडी सळ्या, पायातून खाली पाटापर्यंत. यात महिना सहज जातो, आणि तुमची मापं-फोटो नीट असतील तर हाच महिना पंधरा दिवसांवर येतो.

चढवायचा दिवस मात्र धावपळीचा. साच्याला खळ लावली की कातडं बसवून, टाके घालून, डोळे-कान-ओठ जागेवर आणेपर्यंत थांबता येत नाही. काचेच्या डोळ्याची बाहुली आडवी बसली पाहिजे, हरणाची नजर क्षितिजाला समांतर असते. डोळा एक धागा फिरला तरी प्राणी मेलेला दिसतो. मग पापणी मातीवर दाबून टाचण्या, कानाला दोन्हीकडून पुठ्ठा, ओठाच्या फटीत कोरणीनं कातडी आत सारायची.

वाळणं, आणि नागपूरची हवा

आता तीन-चार आठवडे खोली बंद. पहिल्या आठवड्यात रोज दोनदा बघायचं. कातडी वाळताना ओढली जाते, टाचणी सरकते, पापणी उचलली जाते, आणि ओली असेपर्यंतच ती परत बसवता येते. हे दिवस माझ्यासाठी लहान मूल आजारी असल्यासारखे असतात, गावाला जाता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये वरचा थर दोन दिवसांत कडक होतो आणि आतला ओलाच राहतो, शिवण उकलते, डोळ्याच्या कोपऱ्याला भेग पडते. म्हणून खोली थंड हवी, पण कुलर लावायचा नाही. नागपुरात ही चूक प्रत्येक जण करतो, कारण उन्हाळा म्हणजे कुलर हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. कुलर पाणी फेकतो. कमावलेल्या ओल्या कातड्यावर चार दिवस दमट वारा म्हणजे बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, महिना होऊन गेला तरी नाकाच्या आत ओल असते, आणि ओल्यावर रंग लावला की तो पुढे पोपडे धरतो. माझी आवडती वेळ म्हणजे दसऱ्यानंतरची. हवा कोरडी, ऊन मवाळ. शक्य असेल तेव्हा मी चढवायचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच धरते. तुमचं कातडं मार्चमध्ये तयार झालं, तर ते गोठवून मी दसऱ्यापर्यंत थांबते. आळस म्हणून नाही.

वाळल्यावर आकसलेल्या कडा एपॉक्सीनं भरायच्या, आणि मग रंग. नाक, पापणीची कड, ग्रंथीची चीर, कानाच्या आतला गुलाबीपणा, सगळा रंग वाळताना उडालेला असतो. तो पातळ-पातळ थरांनी परत आणायचा. हे दोन-तीन दिवसांचं काम, आणि माझ्या सगळ्यात आवडीचं.

घेऊन गेल्यावर

नमुन्यासोबत परवानगीची प्रत ठेवा, मूळ कागद फाइलमध्ये. खिडकीच्या उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका, ठिपके वर्षभरात फिके पडतात. काचेची पेटी परवडत असेल तर तीच घ्या. १८६३ सालच्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लहानपणी मी काचेला नाक लावून प्राणी बघायची आणि ती काच मला नको वाटायची. आता कळतं की काचेनंच ते इतकी वर्षं जपले जातात. पावसाळा संपला की कानामागे आणि शिवणीजवळ बॅटरी मारून बघा. बारीक भुसा किंवा रिकामे कोष दिसले तर कसर लागली आहे, लगेच कळवा.

विभागात आधीपासून जुने नमुने असतील तर त्यांना उघड्या हातानं हात लावू नका, विद्यार्थ्यांनाही लावू देऊ नका. जुन्या काळी कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण लावत आणि ते विष आजही तिथंच असतं. हातमोजे, मास्क, आणि नंतर साबणानं हात.

दिवाळीच्या साफसफाईत चितळ ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, हे शिपाई मामांना दिवाळीच्या आठवडाभर आधीच सांगून ठेवा. मऊ, कोरडा ब्रश, डोक्याकडून शेपटीकडे, केसांच्या दिशेनं. डोळ्याच्या काचेला कानकाडीवर थेंबभर पाणी चालतं.